चार बोटं जास्त

मानोजीअण्णांचा फोन रोज दुपारी एक वाजता वाजायचा आणि त्यांचं बोलणं रोज एकाच आकड्यावर संपायचं. डबा तोवर अर्धा खाऊन झालेला असे. डाव्या हाताने मोबाइल कानाला, उजव्या हातात दहीभाताचा घास. पाच-सात मिनिटं नुसतं "हं" आणि "सरी", म्हणजे कानडीतलं 'बरं', ऐकू यायचं. मधूनच, वांग्यात चिंच घातलीस का, असला एखादा प्रश्न. आणि शेवटी, रेल्वेच्या चौकशीच्या खिडकीतला बाबू सांगतो तसं, ते सांगायचे, "दोनशे ब्याण्णव, अक्का." मग फोन खाली आणि घास तोंडात.

मी त्या कचेरीत नवीन होते. पहिले दोन महिने माझी समजूत अशी, की अक्का नावाची कुणी बाई दुसऱ्या कुठल्या ऑफिसात आमच्यासारखंच काम करते, रोज एकच आकडा विचारते आणि रोज विसरते.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते. बंगळूरच्या हेब्बाळला, विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नळ आणि बेसिनं विकणाऱ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमची कचेरी. अत्यवस्थ माणसाला एका गावच्या इस्पितळातून दुसऱ्या गावच्या इस्पितळात विमानाने न्यायचं, हा धंदा. विमान एकच, लहान, आत एक स्ट्रेचर मावेल एवढं. पैशाची बोलणी करायला बाजूच्या खोलीत वेगळी माणसं होती, तो विषय आमच्या खोलीत येत नसे. आमच्या खोलीत तिघं. मंड्याकडचा किरण, हा मॅनेजर, पण वयाने सगळ्यांत लहान. मी, पुण्याच्या एका इस्पितळात आयसीयूमध्ये अकरा वर्षं काढून नवऱ्याच्या बदलीमुळे के. आर. पुरमला येऊन पडलेली नर्स, त्यामुळे सगळ्यांची 'सिस्टर'. आणि मानोजीअण्णा.

अण्णा आधी एका विमान कंपनीत होते. जुन्या विमानतळावर तीस-बत्तीस वर्षं उड्डाणांचे कागद तयार करायचं काम केलं आणि निवृत्त झाल्यावर इथे आले. मूळचे बंगळुरातलेच मराठे. "आमची माणसं साडेतीनशे वर्षांमागे फौजेबरोबर आली," ते सांगायचे, "आणि परत जायचं राहून गेलं." घरी मराठी, दारात कानडी, आणि मनातले आकडे कायम कानडी. कागदावरसुद्धा कानडी लिपीतच लिहायचे. मी कानडी आकडे शिकले ते अण्णांच्या चिठ्ठ्यांवरून, भाजीवाल्याकडून नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कामाची वाटणी समजावली. म्हणाले, "सिस्टर, तुम्ही टैम द्या, मी अंतर देतो." मला हसू फुटलं. मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे 'अंतर देणं' म्हणजे एखाद्याला वाऱ्यावर सोडणं. मला कधी अंतर देऊ नका, असं माणसं एकमेकांना म्हणतात. अंतर सांगतात किंवा मोजतात, देत नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आमच्यातही तोच अर्थ आहे, म्हणाले, पण मी काय नुसतं सांगत नाही, कागदावर लिहून हातात देतो, मग द्यायचंच झालं ना. 

ते अंतर द्यायचे ते धावपट्टीपासून धावपट्टीपर्यंतचं. खाटेपासून धावपट्टीपर्यंत माझं काम. रुग्ण हलवायला किती मिनिटं लागतील, व्हेंटिलेटर असला तर किती, लिफ्ट नसली तर किती, हे मी सांगायचं. फोन आला की अण्णा पायातल्या चपला टेबलाखाली सारून अनवाणी बसत. एक वही होती, तिच्यात देशातल्या झाडून सगळ्या विमानतळांचे अक्षांश-रेखांश त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले. दोन जोड्या घ्यायच्या, कोसाइनचा तक्ता उघडायचा, पेन्सिलने आकडेमोड करायची. किरणच्या कॉम्प्युटरवर तेच उत्तर डोळ्याची पापणी लवायच्या आत येई. दोघांत एका किलोमीटरचा फरक पडला तर अण्णा किरणला मशीन परत चालवायला सांगत. गंमत अशी, की दोनदा मशीनचंच चुकलं होतं. कुणीतरी अक्षांश भरताना आकडा खालीवर केला होता. तेव्हापासून किरणने कानाला खडा लावला आणि अण्णांची पेन्सिल थांबल्याशिवाय तो विमानाला फोन करत नसे.

उत्तर आलं की अण्णा भिंतीवरच्या मोठ्या नकाशापाशी जायचे, दोन टोकांवर दोरा धरायचे आणि तिसरी गोष्ट करायचे. डाव्या हाताची चार बोटं जुळवून दोऱ्याच्या शेवटाला लावायची आणि तेवढा दोरा वाढवायचा. त्या नकाशावर त्यांची चार बोटं म्हणजे सत्तर किलोमीटर. चिठ्ठीवर आकडा उतरायचा तो हे सत्तर धरून.

ही चार बोटं चिकपेटेतली, म्हणजे बंगळूरच्या जुन्या कापडबाजारातली. अण्णांच्या वडिलांचं तिथे कापडाचं दुकान होतं आणि कापड मोजलं की चार बोटं जास्त देऊन कातरी लावायची, ही दुकानाची रीत. वडिलांनी एकदा घाईत एका बाईला लग्नाच्या चोळीचं कापड मापात मोजून दिलं. धुतल्यावर ते आटलं आणि चोळी काही होईना. बाई भांडायला आली नाही, नुसती कापड घेऊन दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. वडिलांनी नवीन कापड दिलं आणि त्या दिवशी ते जेवले नाहीत. अण्णा ही गोष्ट मान खाली घालून सांगायचे, चोळी त्यांनीच आखूड कापल्यासारखी. "कापड आटतं, सिस्टर, आणि रस्ता वाढतो. दोन्हीला चार बोटं."

किरणचं म्हणणं, मशीन थोडंफार जास्तीचं धरतंच, मग वर ही बोटं कशाला. अण्णा वाद घालत नसत. विमान दोऱ्यासारखं सरळ कधीच जात नाही, कुठे ढग असतात, कुठे उतरायला रांग असते, एवढं म्हणून ते चिठ्ठी पुढे करत. आमचे वैमानिक मशीनचा आकडा वाचत आणि अण्णांच्या चिठ्ठीप्रमाणे इंधन भरत.

अण्णांच्या शिकवण्याची एक आठवण आहे. परदेशातून एका आजोबांना आणायचं होतं, मोठ्या विमानातून, स्ट्रेचरवर. त्यांच्या सुनेने विमानाचा मार्ग कुठेतरी पाहिला आणि ती फोनवर चिडली. सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला सरळ यायचं सोडून विमान वर बर्फाकडे का जातं, आमच्या आजोबांना उगाच कशाला फिरवता. किरणने तिला इंग्रजीत बरंच समजावलं. तिला पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही पटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आयुधपूजा होती. कचेरीत कॉम्प्युटरला, लिफ्टला, अगदी स्टेपलरलासुद्धा हळदकुंकू लागलं होतं आणि दारात फोडायला कोहळा आणून ठेवला होता. अण्णांनी तो मांडीवर घेतला, कुंकवाचे दोन ठिपके दिले, हे बंगळूर, हे सॅन फ्रान्सिस्को, आणि दोरा ताणून धरला. दोरा आपोआप वरून गेला. खालून आणायला बघितला तर तोकडा पडला. नकाशा म्हणजे सोललेली साल आहे, ते म्हणाले, सालीवर सरळ दिसतं ते फळावर लांब असतं. पृथ्वी एवढी लांबट नाही असं किरण म्हणाला, तर "स्वल्प अॅडजस्ट करा," म्हणाले. मग तो कोहळा नेऊन त्यांनी विधिपूर्वक फोडला. रस्ताभर कुंकू आणि बिया झाल्या.

त्यांचा दुसरा एक नियम होता. फोनवर नातेवाईक हमखास विचारत, पोहोचेल ना? या प्रश्नाला अण्णा उत्तर देत नसत. किती किलोमीटर ते सांगत, आणि गप्प बसत. मला सुरुवातीला हे फार कोरडं वाटायचं. इस्पितळात आम्ही निदान 'देवावर हवाला ठेवा' तरी म्हणायचो. एकदा ईशान्येकडून एका माणसाने आपल्या आईसाठी सकाळपासून आठ वेळा फोन केला आणि आठही वेळा विचारलं, अंतर किती. अण्णांनी आठही वेळा तोच आकडा, त्याच आवाजात, पहिल्यांदाच विचारल्यासारखा सांगितला. मी म्हटलं, त्याला सांगा की आत्ताच सांगितलं. अण्णा म्हणाले, "त्याला दुसरं काय विचारायला येतंय?"  तिथे बसून आम्ही करत होतो ते म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणंच, रुग्णाचं तोंडही आम्हाला दिसत नसे. काही दिवसांनी माझ्याही आवाजातला ओलावा गेला आणि मला त्याचं वाईट वाटेनासं झालं. आजही वाटत नाही.

तर दुपारचा एकचा फोन. तो उलगडला दोन महिन्यांनी. त्या दिवशी अण्णांचे दोन्ही हात बरबटले होते म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून एका म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. तिचं मराठी ओळखीचंही वाटलं आणि फार जुनंही. तिने काय स्वयंपाक केला ते सांगितलं, कोण आलं-गेलं ते सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "मज अंतर नको देऊ रे, मानू."

"दोनशे ब्याण्णव, अक्का," अण्णा म्हणाले. दोन्हीकडून हसू आलं आणि फोन बंद झाला.

अक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण, त्यांच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्यांना वाढवलं. तिला दिली तंजावरच्या मराठ्यांत. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, नवऱ्याचा पुतण्या मुरारी तिच्याजवळ राहायचा. अण्णा विमान कंपनीत लागले तेव्हा त्यांनी पहिलं अंतर काढलं ते बंगळूर ते तिरुची. तंजावरला प्रवासी विमान उतरत नव्हतं, म्हणून जवळचं ते. दोनशे अडुसष्ट किलोमीटर. तेव्हापासून तिने अंतर नको देऊ म्हणायचं आणि यांनी अंतर द्यायचं, असा तो खेळ होता. पुढे बंगळूरचा विमानतळ हलला, पार देवनहळ्ळीला गेला. अण्णांनी नवा आकडा काढला आणि प्रामाणिकपणे कळवला. आजपासून दोनशे ब्याण्णव. अक्का आठवडाभर रुसली होती, म्हणे. माझ्या माघारी चोवीस किलोमीटर लांब गेलास, सांगितलंही नाहीस.

मी त्यांना एकदा विचारलं की यात चार बोटं का नाहीत. हा एकच आकडा असा होता की ज्याला ते बोटं लावत नसत. त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "अक्काला कशाला वाढवून सांगू," म्हणाले. तिला नेमकं जेवढं आहे तेवढंच.

मग तो दिवस. गुरुवार होता, एवढं आठवतं, कारण त्या दिवशी मी साबुदाणा आणला होता. विमान सकाळी एक फेरी करून आलं होतं. दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी बेळगावहून फोन आला. सत्तावीस वर्षांची बाई, चार दिवसांची बाळंतीण, यकृत काम करेनासं झालेलं, तातडीने बंगळूरला हलवायला सांगितलेलं. आम्ही कामाला लागलो. अण्णांनी अंतर दिलं, मी वेळ दिली, किरणने वैमानिकांना कळवलं. मग एक वाजला आणि अण्णांचा फोन वाजला. त्यांनी डबा उघडला आणि हसतच फोन कानाला लावला.

फोन अक्काचा होता, पण बोलत होता मुरारी. अण्णांचं "हं" तेच राहिलं. त्यांनी फक्त उजव्या हातातला घास परत डब्यात ठेवला. अक्काला सकाळी झटका आला होता. तिरुचीच्या इस्पितळात होती, डोक्यात रक्तस्राव झाला होता, आणि तिथले डॉक्टर म्हणत होते की बंगळूरला शस्त्रक्रिया होऊ शकेल, पण आजच्या आज. रस्त्याने न्यायला ते तयार नव्हते. अण्णांनी वेळ विचारली, रक्तदाब विचारला, व्हेंटिलेटर आहे का विचारलं, सगळं चिठ्ठीवर लिहिलं आणि चिठ्ठी माझ्याकडे सरकवली. म्हणाले, "सिस्टर, तिरुची ते बंगळूर. स्त्री, वय शहात्तर." नाव लिहायचं राहिलं होतं. मी लिहिलं.

आमच्याकडे भिंतीवर एकच नियम लावलेला होता, आधी आलेला आधी. त्यामुळे बेळगाव आधी होतं, त्यात कुणाला शंका नव्हती. प्रश्न असा होता की बेळगावची फेरी करून आल्यावर तेच वैमानिक तिरुचीला जाऊ शकतील का. वैमानिकांनी दिवसात किती तास काम करायचं याला मर्यादा असते. त्यांचा दिवस पहाटेच सुरू झाला होता. दुसरी जोडी दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला हजर होणार होती. किरणने आणखी तीन कंपन्यांना फोन केले. सकाळच्या आत कुणाचंच विमान नव्हतं. म्हणजे अक्का आज येणार की उद्या, एवढंच ठरायचं होतं, आणि ते ठरायचं होतं आमच्याच खोलीत.

खाट ते धावपट्टी मला द्यायचं होतं. अशा रुग्णाला मी नेहमी पस्तीस मिनिटं धरायची. त्या दिवशी मी वीस लिहिली.  चिठ्ठी परत केली. किरणने आकडे भरले. मशीन म्हणालं, होतंय, वर पंधरा मिनिटं उरतात. किरणचा चेहरा उजळला. त्याने विमानाला फोन लावायला हात पुढे केला.

अण्णा चिठ्ठी वाचत होते. त्यांनी चष्मा काढला. "सिस्टर, हे तुमचं माप का माझ्यासाठीचं?"

 त्यांनी वीसवर रेघ मारली आणि पस्तीस लिहिले. उरलेली पंधरा मिनिटं गेली. किरण म्हणाला, तरी काठावर बसतंय, आपण निघू, सही मी करतो. तो मनापासून म्हणत होता. मला आजही तो पोरगा त्यासाठी आवडतो. अण्णा उठले आणि अनवाणीच नकाशापाशी गेले. बंगळूर ते बेळगाव दोरा धरला, चार बोटं. बेळगाव ते बंगळूर, चार बोटं. मग बंगळूर ते तिरुची धरला आणि तिथे थांबले.  खाली बसचा हॉर्न वाजत होता. मग त्यांनी डाव्या हाताची बोटं जुळवली आणि लावली. परतीलाही लावली. टेबलाशी येऊन कानडीत तीनशे बासष्ट लिहिलं. चार खेपांची चार-चार बोटं मिळून अर्ध्या तासाहून जास्त होत होतं. आज होत नव्हतं.

किरण चिडला. कानडीत बोलला, त्यामुळे मला निम्मंच कळलं, पण अक्का तुमची आहे की माझी, एवढं कळलं. अण्णांनी त्याला इतकंच सांगितलं की वाटेत तास संपले तर वैमानिक तिरुचीला जायलाच नकार देतील, आणि तोवर म्हातारीला खाटेवरून उचलून धावपट्टीवर नेऊन ठेवलेलं असेल. मग त्यांनी मुरारीला फोन केला. विमान उद्या सकाळी सहाला निघेल असं सांगितलं आणि फोन अक्काच्या कानाला लावायला सांगितला. पलीकडून यंत्राचा टिकटिकाट तेवढा येत असणार.  समोर चिठ्ठीवर तीनशे बासष्ट लिहिलेलं होतं.

"दोनशे ब्याण्णव, अक्का," ते म्हणाले, आणि फोन ठेवला.

मी त्यांना म्हटलं की तुम्ही आत्ताच्या आत्ता बस धरा. बेळगावचा कागद माझ्या टेबलावर आहे, असं म्हणून ते बसून राहिले. ती बाळंतीण बंगळूरला उतरून रुग्णवाहिकेत चढली, तेव्हाच त्यांनी चपला शोधल्या. अक्का पहाटे गेली. अण्णा तेव्हा बसमध्ये होते. सकाळी सहाचं उड्डाण मी रद्द केलं. रद्द करायचा एक फॉर्म असतो, तो भरला, साबुदाण्याचा डबा तसाच परत नेला होता तो धुतला, आणि कामावर गेले. त्या दिवशी मला रडू आलं नाही. पुढेही नाही आलं. येईल असं वाटून मी काही दिवस वाट पाहिली, मग सोडून दिलं.

चौदाव्या दिवशी अण्णा परत आले, डोकं भादरलेलं. आधी त्यांनी टेबल पुसलं. मग वही उघडली. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती आणि ती मी घोकून ठेवली होती. त्या गुरुवारी बेळगावहून येताना विमानाला शहरावर घिरट्या घालाव्या लागल्या होत्या. त्या एका फेरीतच मशीनच्या आकड्याहून अठरा मिनिटं जास्त लागली. म्हणजे तिरुची झालंच नसतं. तुमची बोटं बरोबर होती, मी म्हटलं, तुम्ही काहीही केलं असतं तरी तेच झालं असतं.

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. वही मिटली. "मी अक्काला अंतर दिलं, सिस्टर."

कुठल्या अर्थाने म्हणाले ते मी विचारलं नाही. दोन अर्थ मीच त्यांना पहिल्या दिवशी उगाळून सांगितले होते.

बेळगावची बाई महिन्याभराने चालत घरी गेली. तिच्या घरून कुंद्याचा डबा आला. किरणने सगळ्यांना वाटला. अण्णांनी थोडा घेतला, कागदात बांधला आणि खिशात ठेवला. तो खाल्ला की नाही मला माहीत नाही. दुपारी एक वाजला की ते डबा उघडत आणि मोबाइल उताणा करून शेजारी ठेवत. तो वाजायचा नाही. पाच-सात मिनिटं ते काही न खाता बसत, मग जेवत. आम्ही दोघं त्या वेळी काही ना काही काम काढून खाली जाऊ लागलो. दोन महिन्यांनी त्यांनी काम सोडलं. निरोपसमारंभ नको म्हणाले. वही आणि कोसाइनचा तक्ता किरणच्या खणात ठेवून गेले. किरण आता चिठ्ठीवर सत्तर वाढवतो. मशीनमध्येच तशी सोय करून घेतली आहे त्याने.

नंतर ते मला एकदाच दिसले. मी चिकपेटेत पुतणीच्या लग्नाच्या साड्या घ्यायला गेले होते आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मेट्रोच्या जिन्यापाशी उभी होते. अण्णा समोरून आले. केस पुन्हा वाढले होते, पांढरे. हातात कापडाचं एक छोटं पुडकं. अक्काच्याच घरात राहतो म्हणाले, तंजावरला. मुरारीला एकट्याला घर खायला उठतं. इथे दोन दिवसांसाठी आलो होतो, आता निघालो.  माझी पिशवी त्यांनी क्षणभर धरली, मी पदर नीट केला, त्यांनी पिशवी परत दिली. मागून माणसं ढकलत होती. येते म्हणताना, आपल्याकडे निरोप घेताना माणसं जे बोलून जातात ते माझ्या तोंडून गेलं. "अण्णा, येत जा अधूनमधून. आम्हाला अंतर देऊ नका."

म्हणून झाल्यावर काय बोलले ते मला कळलं. अण्णा जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते. ते थांबले. डावा हात कठड्यावर होता, चार बोटं जुळलेली. मी त्या बोटांकडे बघत राहिले.

"दोनशे ब्याण्णव, सिस्टर," ते म्हणाले, आणि उतरून गेले.

आकड्यात चार बोटं त्यांनी धरली नव्हती.